ताट, मच्छरदाणी आणि जुने बूट



गेल्या रविवारी आमच्या गल्लीतली अकरावीतली एक मुलगी पळतच घरी आली. "बाई, मी सोमनाथला चाललेय! आठ दिवस! सॅकमध्ये काय काय भरू ते सांगा ना." पाठोपाठ तिची आई आली. आईचा प्रश्न निराळा होता. "बाई, तुम्ही जाऊन आलाय म्हणे. पाठवू का पोरीला? तिकडं वाघ हाईत म्हणतात. आणि ते... रोगी पण असतात न्हवं?" शेवटचं वाक्य तिनं आवाज खाली आणून विचारलं.

मी चहा ठेवला आणि दोघींना बसवून घेतलं. त्यांना जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. तुमच्यापैकी बरेच जण पुढे कधीतरी अशा शिबिराला जातील, आणि त्यांच्या आई-बाबांनाही हेच प्रश्न पडतील.

सोमनाथ आहे चंद्रपूर जिल्ह्यात, मूल तालुक्यात. बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांसाठी वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं, त्याचंच हे धाकटं भावंड म्हणा. रोगातून बरी झालेली माणसं इथं शेती करतात, भात पिकवतात. मे महिन्याच्या मध्याला इथं आठवडाभर श्रमसंस्कार छावणी भरत आली आहे. राज्यभरातून मुलं-मुली येतात, पहाटे उठून कुदळ, फावडं, घमेली घेऊन श्रमदान करतात, दुपारी मोठ्या माणसांची भाषणं ऐकतात आणि रात्री गाणी म्हणतात. मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला असताना गेले होते. महाराष्ट्र एक्सप्रेसनं एक अख्खी रात्र आणि दुसरा अर्धा दिवस प्रवास करून वर्धा, तिथून चंद्रपूर, मग मूल.

आता भूगोलाचं पुस्तक आठवा. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवरून, म्हणजे आपल्या उत्तरेला मध्य प्रदेशातून जातं. म्हणजे आपला सगळा महाराष्ट्र उष्ण कटिबंधातच येतो! पण कोल्हापूरला पंचगंगा आहे, सह्याद्रीचा वारा आहे, वळवाचा पाऊस आहे. चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. कोल्हापुरात ६-७ मेच्या सुमाराला दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि आपली सावली पायाखाली नाहीशी होते. तोच सूर्य उत्तरेकडे सरकत सरकत २० मेच्या आसपास सोमनाथच्या डोक्यावर पोहोचतो, म्हणजे नेमका छावणीच्या दिवसांत. तिथल्या मोकळ्या शेतात भर दुपारी उभं राहून आपली सावली शोधायची मजा मी घेतली आहे. (अर्धा मिनिटच हं, आणि डोक्याला दुपट्टा बांधून!)

पण माझी खरी फजिती सकाळीच झाली होती. जाताना मी हौसेनं नवेकोरे बूट घेतले होते. पहिल्याच दिवशी टाचांना दोन मोठे फोड आले. दुसऱ्या दिवशी फोड घेऊन लंगडत कामावर गेले. सकाळी फक्त चहा प्यायले होते, पाण्याची बाटली खोलीतच राहिली होती. आठ वाजायच्या सुमाराला डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी घमेल्यासकट खाली बसले. दोन मुलींनी काम टाकून मला सावलीत नेलं. तिथली एक मावशी माझ्या तोंडावर पाणी मारत, पदरानं वारा घालत बसली. मदतीला गेलेली मी, आणि माझ्याच मदतीला तीन माणसं लागली!

हे मला पुन्हा आठवलं ते ऑगस्ट २०१९ च्या महापुरात. आम्ही काही शिक्षक पूरग्रस्तांच्या एका निवाऱ्यात काम करत होतो. लांबून काही मुलं मदतीला आली. मन मोठं, पण अंगावरच्या कपड्यांनिशी आली होती. संध्याकाळी भिजून कुडकुडायला लागली, तेव्हा पूरग्रस्तांसाठी आलेली चादर त्यांनाच पांघरायला द्यावी लागली. तेव्हा सॅक भरताना एकच विचार मनात ठेवा. आपल्यामुळे तिथल्या माणसांचं काम वाढता कामा नये.

म्हणून बूट जुनेच न्या, पायाला सरावलेले, आणि सुती मोज्यांचे तीन-चार जोड. कोल्हापुरी पायताण मित्रांना दाखवायला खुशाल न्या, पण कुदळ चालवताना नको. कपडे सुती, सैल, पूर्ण बाह्यांचे. जीनची जाड पँट वाळत नाही आणि उन्हात नकोशी होते. डोक्याला मोठा सुती रुमाल किंवा दुपट्टा हवाच.

पाण्याबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते. घाम वाळतो तेव्हा अंग गार होतं. चंद्रपूरची हवा इतकी कोरडी की घाम आला कधी आणि वाळला कधी हेच कळत नाही, आणि माणसाला वाटतं, आपल्याला घाम येतच नाही. म्हणून तहानेची वाट न बघता थोडं थोडं पाणी पीत राहायचं. लघवी गडद पिवळी व्हायला लागली तर समजा, पाणी कमी पडतंय. डोकं दुखलं, गरगरलं, मळमळलं तर लाजत बसू नका. सरळ काम थांबवून सावलीत जा. बरोबरचा कोणी असंबद्ध बोलू लागला, अंग तापलं, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. त्याचं अंग पाण्यानं भिजवा, वारा घाला आणि १०८ नंबरवर रुग्णवाहिका बोलवा. खिशात कांदा ठेवायची जुनी पद्धत आहे. कांदा ठेवायला हरकत नाही, पण पाण्याची बाटली त्याच्या आधी.

जुलाब-उलट्या झाल्या तर जलसंजीवनी. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा पोह्याचा नव्हे, चहाचा. हे साधंसुधं पाणी आहे म्हणून हसू नका हं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावला ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा यांचं पाणी लोकांना पाजून हजारोंचे जीव वाचवले होते.

"आणि वाघ?" मुलीनं मध्येच विचारलं. वाघ आहेत. ताडोबाचं जंगल त्याच जिल्ह्यात आहे. पहाटे-संध्याकाळी एकट्यानं रानाकडे भटकायचं नाही आणि शिबिरातले ताई-दादा सांगतील ती हद्द ओलांडायची नाही, एवढं पाळलंत की झालं. मला वाघापेक्षा मण्यारीची जास्त काळजी वाटते. हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दात इतके बारीक की खूण दिसेलच असं नाही, फारसं दुखतही नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होऊन उघडेनाशा होतात. यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे मच्छरदाणी! तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचल्या तर डासही बाहेर आणि सापही. रात्री उठलात तर आधी टॉर्च, मग पाय खाली. सकाळी बूट झटकून घाला, आत विंचू बसलेला असू शकतो. आपल्याच महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावरच्या उपचारासाठी आयुष्य वेचलं, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

साप चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे तर मुळीच जायचं नाही. हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवायचा आणि थेट सरकारी दवाखाना गाठायचा.

बाकी किरकोळ गोष्टी. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का ते घरच्यांना विचारा. रोजचं औषध असेल तर ते दोन ठिकाणी ठेवा. घरचा फोन नंबर आणि रक्तगट कागदावर लिहून खिशात ठेवा. मोबाईलची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

आता आईचा खालच्या आवाजातला प्रश्न. त्याचं उत्तर द्यायला मी माळ्यावरून एक स्टीलचं ताट काढून आणलं. मी निघाले तेव्हा माझ्या आज्जीनं ते सॅकमध्ये गुपचूप घातलं होतं. "त्यांच्या ताटात जेवू नको गं." मीही मान हलवली होती. ताट खाली, कपड्यांच्या घडीत. पहिल्या दिवशी जेवणाच्या रांगेत मी ते घेऊन उभी राहिले. सगळ्यांच्या हातात तिथली ताटं, एकटीच्या हातात माझं. वाढणाऱ्या मावशीच्या हाताला बोटं नव्हती. तिनं माझ्या ताटाकडे बघितलं, काही बोलली नाही, भात वाढला आणि म्हणाली, "आणखी घे, उद्या काम आहे." दुसऱ्या दिवशी मी चक्कर येऊन पडले, तेव्हा पदरानं वारा घालणारी मावशी तीच होती. त्यानंतर ते ताट मी सॅकबाहेर काढलं नाही.

कुष्ठरोग जंतूंमुळे होतो हे नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ साली दाखवलं. बहुतेकांच्या शरीरात या जंतूंना तोंड देण्याची ताकद असतेच. आज औषधांनी हा रोग पूर्ण बरा होतो, आणि औषध सुरू झाल्यावर लवकरच तो दुसऱ्याला लागायचा थांबतो. रोगामुळे नसा बधिर होतात, मग भाजलेलं, कापलेलं कळत नाही, जखमा चिघळत जाऊन बोटं आखूड होतात. तुम्हाला दिसतात त्या जुन्या जखमांच्या खुणा. रोग केव्हाच गेलेला असतो. मी जाण्याआधी हे कुणी सांगितलं असतं, तर ते ताट घरीच राहिलं असतं.

मुलीच्या आईनं ताट हातात घेऊन उलटंपालटं केलं. मग म्हणाली, "मग परत आल्यावर काय काळजी घ्यायची?" हा प्रश्न मला फार आवडला. हिवतापाचा डास चावल्यावर ताप यायला आठ-पंधरा दिवस लागतात, कधी त्याहून जास्त. तोवर पोरगी घरी येऊन रंकाळ्यावर भेळ खात असते आणि डॉक्टरांना वाटतं, साधा व्हायरल ताप. म्हणून ताप आला की "मी चंद्रपूरकडे जाऊन आलेय" हे वाक्य आधी सांगायचं आणि रक्त तपासून घ्यायचं.

परवा ती मुलगी भरलेली सॅक घेऊन आली. मी म्हटलं, "ही पाठीवर घे आणि आमचा जिना तीनदा चढ-उतर कर." पहिल्या खेपेला हसत होती. दुसऱ्या खेपेनंतर तिनं जीन काढली. तिसऱ्यानंतर पायरीवर बसून केस वाळवायचं मशीन बाहेर काढलं आणि म्हणाली, "बाई, हे तुमच्याकडंच राहू दे का?"