तलाव कुठे गेला?

सुटीत दादाच्या कॉम्प्युटरवर मी ‘द सिम्स ४’ खेळतो. घर बांधायचं, नोकरी करायची, संसार सांभाळायचा, असा हा खेळ. २०१४ साली तो आला तेव्हा त्यात पोहण्याचा तलाव नव्हता, आणि पाळण्यातलं बाळ थेट शाळकरी व्हायचं! ‘सिम्स ३’मध्ये तलावही होता, दुडुदुडु चालणारी मुलंही. ‘भंगार’ म्हणणारे होतेच. पण अनेकांनी नेमकी उणीव दाखवली. तलाव त्याच वर्षी नोव्हेंबरात आला, लहान मुलं जानेवारी २०१७मध्ये, दोन्ही मोफत. २०२२पासून मूळ खेळही फुकट आहे, जास्तीच्या पॅकना मात्र पैसे पडतात. बंगळुरूला शाळेत परतण्याआधी बाबांकडे एक पॅक मागितला. ते म्हणाले, “त्यात नवं काय मिळणार, लिहून दे.” अर्धं पान भरलं; त्यात निम्मं नुसतं फर्निचर. कागद मी दाखवलाच नाही.