ॲप की ब्राउझरमधील पान?

जबलपूर येथे 2003 पासून पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय आहे. तेथील स्थानकाकडे निघालेला प्रवासी मोबाइलवर अनारक्षित तिकीट काढतो, तेव्हा रचनाकारांपुढील एक प्रश्न आधीच सोडवला गेलेला असतो: ॲप फोनच्या कार्यप्रणालीसाठी स्वतंत्रपणे लिहावे, की ब्राउझरमध्ये उघडणारे पान पुरेसे मानावे?

रेल्वेने 2014 साली मुंबईत आणलेले यूटीएस ॲप पहिल्या प्रकारचे होते. कागदाविना तिकीट घेणारा मनुष्य स्थानकात वा रुळांजवळ तर नाही ना, हे ते उपग्रहसंकेतांवरून पडताळून पाही. एरवी तपासनीस दिसताच तिकीट काढणाऱ्यांची चंगळ झाली असती! शिवाय काढलेले तिकीट फोनमध्येच साठवले जाई व नेटवर्क नसतानाही दाखवता येई. या सोयी ब्राउझरलाही आता पुष्कळ अंशी लाभल्या आहेत. तथापि फोनच्या अंतरंगावर त्याची पकड तितकी घट्ट नाही.

उलटपक्षी, अँड्रॉइड व आयफोन यांसाठी दोनदा लिहिण्याचा खर्च पानामुळे वाचतो आणि केलेली सुधारणा तत्काळ सर्वांपर्यंत पोहोचते. वर्षातून एकदा भेडाघाटला जाणारा पर्यटक नौकाविहाराच्या माहितीसाठी ॲप उतरवून घेण्याच्या खटाटोपात सहसा पडणार नाही. 2015 साली वस्त्रविक्रेत्या मिंत्राने संकेतस्थळ बंद करून केवळ ॲप ठेवले. पुढच्याच वर्षी ते पुन्हा उघडावे लागले. तिची मालक कंपनी फ्लिपकार्ट हिने मात्र 2015 मध्येच ब्राउझरमधून चालणारे 'लाइट' रूप आणले होते, कारण स्वस्त फोनमध्ये जागा थोडी आणि इंटरनेट मंद.