‘क’ जागेवर, स्टार्ट बेपत्ता

अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, वाड्याच्या जिन्याखाली थाटलेल्या एखाद्या डीटीपीच्या दुकानात डोकावलं, तर कोपऱ्यातला एक जुना संगणक जिवापाड जपलेला दिसतो. त्यावर विंडोज एक्सपी, पेजमेकर ७ आणि मराठी अक्षरांसाठी श्री-लिपी. इंटरनेटची वायर मुद्दाम काढलेली, कारण इंटरनेट आलं की अपडेट येणार. पेजमेकरची ही आवृत्ती २००१ची. पुढची निघालीच नाही. एक्सपीची सुरक्षा-अपडेट्स मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. तरी त्यावर लग्नपत्रिका तयार होतात, संस्थांचे वार्षिक अहवाल तयार होतात. तिऱ्हाइताला हा पुणेरी हट्ट वाटेल. पण ऑपरेटरची नजर मजकुरावर असते आणि हात आपोआप मेनूवर जातो. तो हात तयार व्हायला वर्षं गेलेली असतात.

सरावलेला माणूस पडदा वाचत नाही, जागा ओळखतो. म्हणून मांडणी बदलली की नवशिक्यापेक्षा जुन्याजाणत्याचे हाल जास्त. नवशिक्या तसाही प्रत्येक शब्द वाचूनच क्लिक करतो. लक्ष्मी रोडची एकेरी वाहतूक रातोरात उलटी केली तर पाहुण्याचं काही अडणार नाही, पेठेतला माणूस मात्र समोरच्या बसवर जाऊन आदळेल.

स्टार्ट बटणाचंच पाहा. २४ ऑगस्ट १९९५ला विंडोज ९५ आलं. त्याआधी मायक्रोसॉफ्टने साध्यासुध्या लोकांना पडद्यासमोर बसवून चाचण्या घेतल्या होत्या. सुरुवात कुठून करायची हेच अनेकांना कळेना, म्हणून डाव्या कोपऱ्यात तसं लिहिलेलं बटण आलं. कोपऱ्याची जागा शास्त्राला धरून होती. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४मध्ये मांडलेला नियम सांगतो, की लक्ष्य जितकं जवळ आणि मोठं, तितका हात तिथे लवकर पोचतो. पडद्याच्या कोपऱ्यात माऊस कितीही जोरात ढकला, बाण कडेला अडतो. म्हणजे कोपऱ्यातलं छोटं बटणही हाताच्या हिशेबात प्रचंड मोठं असतं. डोळे मिटूनही सापडावं असं.

ते सतरा वर्षं तिथे राहिलं आणि २६ ऑक्टोबर २०१२च्या विंडोज ८मध्ये गायब झालं. आयपॅड येऊन दोन वर्षं झाली होती, बोटांनी चालवायच्या पडद्यांची हवा होती. मग टेबलावरच्या, माऊसने चालणाऱ्या संगणकावरही भल्यामोठ्या रंगीत चौकोनी टाइल्स आल्या. संगणक बंद करायचा तर बाण उजव्या कोपऱ्यात न्या, बाहेर सरकणाऱ्या पट्टीत सेटिंग्ज शोधा, मग पॉवर. लोक इतके वैतागले, की ऑक्टोबर २०१३मध्ये ८.१ काढून बटण परत द्यावं लागलं. पूर्वीच्या धाटणीचा मेनू यायला मात्र जुलै २०१५ उजाडलं.

५ ऑक्टोबर २०२१ला आलेल्या विंडोज ११ने बटण ठेवलं, पण पडद्याखालच्या पट्टीच्या, म्हणजे टास्कबारच्या, मध्यभागी आणलं. गोम अशी, की मध्यभाग राखायचा म्हटल्यावर जसजसे प्रोग्रॅम उघडाल तसतसं ते आणखी डावीकडे सरकतं. सकाळची जागा दुपारी नाही. राइट क्लिकच्या मेनूतले कट, कॉपी, रिनेम हे शब्द जाऊन बारीक चित्रं आली आणि उरलेल्या बऱ्याच गोष्टी ‘शो मोअर ऑप्शन्स’मागे गेल्या. यामागे कारण होतं: जो तो प्रोग्रॅम त्या मेनूत आपली ओळ घुसडत होता आणि मेनू वीतभर लांब झाला होता. कारण पटतं, इलाज पटत नाही. पुढे त्या चित्रांखाली पुन्हा नावं छापावी लागली, यातच काय ते आलं.

पुण्याचा या प्रकरणाशी दुहेरी संबंध आहे. महाराष्ट्राला संगणक शिकवणारी एमकेसीएल इथलीच. सरकारी नोकरीसाठी लागणारं एमएस-सीआयटी लाखो जणांनी केलं आणि त्यातल्या कित्येकांनी ते पाठ केलं: स्टार्ट, प्रोग्रॅम्स, ॲक्सेसरीज. ही नावं पायरीपायरीने लिहिलेल्या वह्या अजून पतसंस्थांच्या टेबलांच्या खणांत असतील. पायरी हलली की वही रद्दी.

दुसरा संबंध याच्या नेमका उलट आहे. १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि भारतीय लिप्या संगणकावर आणायचं, आयआयटी कानपूरला सुरू झालेलं ‘जिस्ट’चं काम इथे वाढलं. त्यातला इनस्क्रिप्ट कीबोर्ड १९९१च्या भारतीय मानकात नोंदला गेला. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. ‘क’ इंग्रजी के-वर, पाय मोडायचं चिन्ह डी-वर. नंतर अक्षरांची भर पडली, पण जुनी अक्षरं जागची हलली नाहीत. विंडोज २००० असो की ११, ‘क’ तिथेच. कारण तो कुणा कंपनीच्या मर्जीचा नाही, मानकाचा आहे. पडद्यावरच्या बटणांना असा वाली नाही. मायक्रोसॉफ्टलाही कीबोर्डचा धाक आहे: ऑफिस २००७मध्ये जुने मेनू काढून रिबन आणली, तरी एक्सेलमधला आल्ट, ई, एस हा ‘पेस्ट स्पेशल’कडे नेणारा हिशेबनिसांचा जुना रस्ता चालू ठेवला.

बदल नकोच, असं कुणी शहाणा म्हणणार नाही. पण जुनी वाट निदान काही वर्षं उघडी ठेवणं कंपनीला जड नाही. ओरड केली की ऐकूही येतं: फाइल ओढून टास्कबारवर नेण्याची सोय विंडोज ११मध्ये काढली होती, २०२२मध्ये परत आली, खिडक्यांची नावं टास्कबारवर सुटी दिसायची सोय २०२३मध्ये. लिनक्सवाल्यांनी तर २०११मध्ये ग्नोम या डेस्कटॉपची तिसरी आवृत्ती आवडली नाही म्हणून जुन्याचाच धागा धरून माटे नावाचा डेस्कटॉप उभा केला.

विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे शाळा, पतसंस्था, सोसायट्यांच्या कार्यालयांत नवी यंत्रं येणारच. ती बसवायला येणाऱ्याला चहा देण्याआधी एवढं करून घ्या: सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, टास्कबार बिहेवियर्स, अलाइनमेंट लेफ्ट. स्टार्ट कोपऱ्यात परत येतं. राइट क्लिक करताना शिफ्ट दाबून धरलं, की जुना लांबलचक मेनूही पुढ्यात हजर होतो.