शिकवण्याआधी घेतलेली फी

गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या स्वयंपाकघरात ताटं आवरत होतो, तेव्हा एक मुलगी जवळ आली. नुकतीच एम.कॉम. झालेली. म्हणाली, "काकू, मला स्वतःचा क्लास काढायचाय. काय काय लागतं हो?" मी सवयीने म्हणाले, "एक फळा, चार बाकं आणि भरपूर सहनशक्ती!" ती हसली, मीही हसले. पण घरी येताना रुखरुख लागून राहिली. उत्तर सोपं होतं, पण खरं नव्हतं. तिच्यासारख्या आणखी कोणाच्या मनात हा विचार असेल, म्हणून खरं उत्तर इथे लिहिते.

मी इंदूरला अकरावी-बारावीच्या कॉमर्सच्या मुलांना अकाउंट्स शिकवते. २००८ मध्ये रामबागेतल्या आमच्या घरी, पुढच्या खोलीत सतरंजी टाकून सात मुलांपासून सुरुवात केली. महिन्याची फी ३०० रुपये. ती मागायचीसुद्धा मला लाज वाटायची. महिना संपला तरी मी गप्प, मुलंही गप्प! नात्यातल्या आणि ओळखीतल्या मुलांकडून तर मी पैसे घेतच नव्हते. "आपलीच आहेत," असं म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

पण एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. फुकट शिकणारी मुलं सर्वांत जास्त दांड्या मारायची. दोष त्यांचा नव्हता. त्यांच्या घरी कोणी तारीख लक्षात ठेवत नव्हतं, विचारत नव्हतं. मग मी नियम केला. ज्यांना फी झेपत नाही त्यांना सवलत जरूर द्यायची, पण किती ते आधीच ठरवून, वहीत लिहून. कोणी १०० रुपये दिले तरी त्याची पावती द्यायची. ती पावती घरात दिसली की आई विचारते, "आज क्लास नाही का रे?"

२०१४ मध्ये भंवरकुव्याजवळ एक हॉल भाड्याने घेतला. तो सगळा भाग कोचिंगचा. जिकडे पाहावं तिकडे पहिल्या नंबरात आलेल्या मुलांच्या फोटोंचे बोर्ड. मीही एक बोर्ड लावला, त्यावर माझा फोटो. अर्थशास्त्र शिकवायला एक सर ठेवले. फार छान शिकवायचे. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये, ऐन सत्राच्या मध्यात ते निघून गेले. मागच्याच गल्लीत त्यांनी स्वतःचा क्लास उघडला आणि माझी २६ मुलं त्यांच्याबरोबर गेली. वर्षभर मी भेटेल त्याला त्यांच्याबद्दल तक्रार सांगत होते. मग एकदा शांतपणे हिशेब मांडला. तीन वर्षं मी त्यांना तासाचे तेच पैसे देत होते, फी मात्र दरवर्षी वाढवत होते. बोर्डावर त्यांचं नावही नव्हतं. मुलं मधेच घेऊन जाणं चुकीचंच होतं, पण त्यांनी थांबावं असं मी तरी काय केलं होतं? आता माझ्याकडे शिकवणाऱ्यांशी वर्षाच्या सुरुवातीला सगळं कागदावर ठरतं. मानधन किती, वाढ कधी, आणि सोडायचं असेल तर किती आधी सांगायचं. बोर्डावर सर्वांची नावं असतात.

पण खरा धडा मिळाला तो २०२० मध्ये. आमच्याकडे वर्षाची फी १५,००० रुपये होती. मार्चअखेर पूर्ण भरली तर १,५०० ची सूट. त्या मार्चमध्ये ४१ घरांनी १३,५०० रुपये भरले. हातात साडेपाच लाख आले! मी ताबडतोब नवीन बाकं केली, एसी बसवला, प्रोजेक्टर घेतला. २५ मार्चला देश बंद झाला, तेव्हा बँकेत ६२,००० रुपये उरले होते.

आम्ही मोबाइलवरून शिकवायला सुरुवात केली. पण कित्येक घरांत फोन एकच, तोही वडिलांकडे. कोणाचं दुकान बंद, कोणाचा पगार अर्धा. महिन्याभरात १९ पालकांनी पैसे परत मागितले. हिशेब झाला २,५६,५०० रुपये. माझ्या पावतीवर खाली बारीक अक्षरांत छापलेलं होतं, 'भरलेली फी परत मिळणार नाही.' मी त्याच ओळीचा आधार घेणार होते. दोन पालकांना तसं सांगूनही झालं होतं.

आमचे सासरे, अण्णा, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी माझं फोनवरचं बोलणं ऐकलं आणि विचारलं, "अगं, आगाऊ मिळालेलं उत्पन्न ताळेबंदात कुठे लिहायचं, ते तू मुलांना काय सांगतेस?"

मी म्हणाले, "देण्याच्या बाजूला."

"मग?" एवढंच म्हणून ते पुन्हा पेपर वाचायला लागले.

अकरावीच्या पुस्तकातली ती नोंद मी बारा वर्षं शिकवत होते. काम करण्याआधी घेतलेले पैसे हे आपलं उत्पन्न नसून देणं असतं. मुलांकडून ती नोंद घोटून घेतली, पण स्वतःच्या वहीत मात्र साडेपाच लाख सरळ जमेला धरले होते.

हॉल सोडला, त्याचं ९०,००० डिपॉझिट परत मिळालं. एक लाखाची एफडी मोडली. उरलेले ६६,५०० हप्त्यांनी दिले. शेवटचा हप्ता ऑगस्टमध्ये गेला. ज्या दोघांना आधी नकार दिला होता, त्यांना स्वतः फोन करून माफी मागितली. ते फोन सर्वांत अवघड गेले. पुढे त्या १९ पैकी सात घरांतली धाकटी भावंडं माझ्याकडे शिकायला आली.

आता मी फीसाठी बँकेत वेगळं खातं ठेवते. वर्षाचे १५,००० आले तरी दहा महिने, दरमहा १,५०० च आपल्या खात्यात घ्यायचे. बाकीच्यांना हात लावायचा नाही. पावतीवरची ती बारीक ओळ काढून टाकली. पुढे जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. विद्यार्थ्याने मधेच क्लास सोडला, तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असं त्यांतही म्हटलं आहे. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये आणि गुणांची हमी देऊ नये, हेही आहे. क्लास काढायचा असेल तर त्या सूचना नीट वाचा. वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटीची नोंदणी लागते आणि फीवर १८ टक्के कर बसतो, हेही फी ठरवण्याआधी समजून घ्या. नाहीतर तो कर आपल्याच खिशातून जातो.

भंवरकुव्याला मी परत गेले नाही. घराजवळच दोन खोल्या घेतल्या आहेत आणि एका बॅचमध्ये २५ मुलं, त्याहून जास्त नाही. उत्पन्न पूर्वीपेक्षा कमी आहे. पण कोणी क्लास सोडतो म्हणालं, तर आता पोटात गोळा येत नाही, कारण त्याचे पैसे वेगळ्या खात्यात तसेच असतात.

दिवाळीनंतर त्या मुलीला घरी बोलावून हे सगळं सांगितलं. तिने वहीत लिहून घेतलं. परवा तिचा फोन आला. आजीच्या खोलीत सहा मुलांचा क्लास सुरू झालाय. म्हणाली, "काकू, फळा अजून यायचाय, पण दुसरं खातं उघडलं!"