दर अर्ध्या तासाने बदलणारी फाईल

कॉन्फिग फाईल हाताने लिहिण्याचे दिवस सरले. एका एन्जिनएक्सच्या मागे चाळीस मशीनं असतील, तर प्रत्येकावर लॉगिन करून फाईल उघडत कोण बसणार? साचा, म्हणजे टेम्प्लेट, एकदाच लिहायचा. मशीनगणिक जे बदलतं तिथे जागा सोडायची आणि त्या जागांत भरायची माहिती की-व्हॅल्यूच्या जोड्या करून वेगळी ठेवायची. गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक असतं तसंच: मंडळाचं नाव छापील, देणगीदाराचं नाव आणि रक्कम तेवढी हाताने.

पोस्टग्रेस एकावेळी किती कनेक्शन घेतं याचा मूळ आकडा १०० आहे. मोठ्या मशीनवर तो ४०० हवा असेल, तर टेम्प्लेटला हात लावायचा नाही. त्या मशीनच्या डेटाफाईलमध्ये ‘मॅक्स_कनेक्शन्स’ या कीपुढे ४०० लिहायचे. पुढच्या रनला फाईल नव्याने घडते आणि सर्व्हिस रिस्टार्ट होते.

इतिहास थोडक्यात सांगायचा तर ब्रायन कर्निहान आणि डेनिस रिची यांनी १९७७ मध्ये एम४ हा मॅक्रो प्रोसेसर लिहिला आणि सेंडमेलची कुप्रसिद्ध किचकट फाईल पुढे त्याच्याकडूनच घडवून घेतली जाऊ लागली. मशीनांचं कॉन्फिग सांभाळणारी साधनं त्यानंतरची: मार्क बर्जेस यांचं सीएफएंजिन १९९३ चं, ल्यूक कॅनीज यांचं पपेट २००५ चं, शेफ २००९ चं, सॉल्ट २०११ चं, मायकेल डीहान यांचं ॲन्सिबल २०१२ चं. पपेट आणि शेफने रुबीची ईआरबी टेम्प्लेटं उचलली, सॉल्ट आणि ॲन्सिबलने पायथनमधलं जिंजा.

खरी गंमत पुढे आहे. एकेक व्हॅल्यू भरण्यात काहीच कौशल्य नाही. पण कर्नलची सेटिंग्ज, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल किंवा जावाच्या प्रॉपर्टीज असल्या, की अख्खा हॅशच, म्हणजे जोड्यांचा सबंध संच, टेम्प्लेटला दिला जातो: यातल्या प्रत्येक जोडीमागे एक ओळ लिही. यातली पहिली ओळ कुठल्या जोडीची, हे बहुतेक जण विचारतच नाहीत.

पपेटचा एजंट, सेटिंग बदललं नसेल तर, दर ३० मिनिटांनी जागा होतो. टेम्प्लेटमधून आलेला मजकूर आणि डिस्कवरची फाईल यांचा चेकसम जुळला नाही, की तो फाईल बदलतो आणि त्या फाईलवर अवलंबून असलेली सर्व्हिस रिस्टार्ट करतो. अर्थ तोच आहे का, हे त्याला कळत नाही. त्याला अक्षरं कळतात. आणि रुबी १.८ मध्ये हॅशमधल्या जोड्या कुठल्या क्रमाने बाहेर येतील याची कसलीच हमी नव्हती. पुण्यातल्या एका कार्यालयात असाच एक डिफ प्रस्तुत लेखकाला पाहायला मिळाला. वर तीन ओळी वजा, खाली त्याच तीन ओळी अधिक, क्रम तेवढा उलटासुलटा. रात्रपाळीचा मुलगा रिस्टार्टचं कारण लॉगमध्ये, नेटवर्कमध्ये, मेमरीत शोधत होता. कोणी काही बदललंच नव्हतं, त्यामुळे टेम्प्लेटवर त्याचा संशयच गेला नाही.

हा क्रम आणखी बिघडला तो एका चांगल्या कामामुळे. २००३ मध्ये स्कॉट क्रॉसबी आणि डॅन वॉलक यांनी दाखवून दिलं होतं, की मुद्दाम निवडलेल्या कीज पाठवल्या तर सगळ्या हॅशच्या एकाच कप्प्यात जाऊन साठतात आणि सर्व्हरचा प्रोसेसर त्या उपसत बसतो. पर्लने तेव्हाच उपाय केला. बाकीच्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये अलेक्झांडर क्लिंक आणि युलियन वेल्डे यांनी तोच हल्ला एकामागून एक भाषांवर करून दाखवला, तेव्हा धावपळ उडाली. उपाय म्हणून हॅशच्या गणितात प्रत्येक प्रोसेसला वेगळा यादृच्छिक आकडा मिसळायचं ठरलं. रुबी १.८.७ मध्ये तो पॅच आला. २०१२ च्या पायथन ३.३ मध्ये हे मूळ वर्तनच झालं. हल्ला टळला, पण सर्व्हर रिस्टार्ट झाला की क्रम नवा. लोड बॅलन्सरमागे दोन पपेट मास्टर, म्हणजे एजंटला मजकूर पुरवणारे सर्व्हर, असतील तर दोघांचे क्रम दोन. या वेळी उत्तर कुठल्या मास्टरने दिलं, यावर फाईल ठरू लागली. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ६ बरोबर रुबी १.८.७ च येत असल्याने हे दुखणं बराच काळ रेंगाळलं.

इलाज एका शब्दाचा: हॅशवर ‘ईच’ म्हणण्याआधी ‘सॉर्ट’ म्हणायचं. मग ‘वेब१०’ ‘वेब२’च्या आधी आला तरी बिघडत नाही, कारण तो दर वेळी आधीच येतो.

मात्र सॉर्ट हे सगळ्यावरचं औषध नव्हे. एन्जिनएक्समध्ये रेजेक्सवाल्या लोकेशनपैकी जो पहिला जुळेल तो लागू होतो. सुडोच्या फाईलमध्ये नेमकं उलट, शेवटी जुळणारा नियम जिंकतो. अशा ठिकाणी हॅश वापरणंच चूक. तिथे यादीच हवी. फायरवॉलचे नियम हॅशमध्ये ठेवून वर सॉर्ट करणाऱ्याने आपलं काम वर्णमालेवर सोपवलेलं असतं, असं प्रस्तुत लेखकाचं स्पष्ट मत आहे.

जोड्या ज्या यॅमल फाईलमध्ये लिहिल्या जातात तिच्याही खोड्या आहेत, आणि त्या सांगितल्याशिवाय राहवत नाही. यॅमल १.१ च्या नियमाने नॉर्वेचा दोन अक्षरी कोड ‘एनओ’ म्हणजे ‘नाही’, थेट फॉल्स. पोर्टची जोडी २२:२२ अवतरणचिन्हांशिवाय लिहिली तर ती साठ पायाची संख्या ठरून १३४२ होते. आणि ट्रू लिहिलं तर जिंजा ते पायथनच्या पद्धतीने कॅपिटल ‘टी’ने छापतं, मग लहान ‘टी’ मागणारा प्रोग्राम सुरूच होत नाही.

आता परिस्थिती बरी आहे. रुबी १.९ पासून हॅश आणि पायथन ३.७ पासून डिक्शनरी, ज्या क्रमाने जोड्या घातल्या तो क्रम पाळतात. गो भाषेची तऱ्हा वेगळी. मॅपवर फेरी मारताना ती क्रम मुद्दाम विस्कटते, म्हणजे कोणी त्याच्यावर विसंबायलाच नको. पण तिच्याच टेम्प्लेट पॅकेजमध्ये कीज आधी क्रमाने लावल्या जातात. कुबरनेटीससाठीचं हेल्म याच टेम्प्लेटांवर चालतं, त्यामुळे कुबरनेटीसवाल्यांची या तापातून परस्पर सुटका झाली. टेराफॉर्मही मॅपच्या कीज वर्णक्रमानेच घेतं.

तरी जुन्या टेम्प्लेटमधला सॉर्ट कोणी काढू नये. घातलेला क्रम म्हणजे यॅमलमधल्या ओळींचा क्रम. एखाद्याने नीटनेटकेपणासाठी दोन ओळी वरखाली केल्या तरी चाळीस मशीनवरची सर्व्हिस रिस्टार्ट होते. जिंजामध्ये याच कामाला ‘डिक्टसॉर्ट’ आहे, पण तो कॅपिटल आणि लहान अक्षरांत भेद करत नाही. रुबीचा सॉर्ट कॅपिटल आधी घेतो. म्हणून पपेटवरून ॲन्सिबलवर जाणाऱ्यांना पहिल्या रनला फाईल बदललेली दिसली तर घाबरायचं कारण नाही. दुसऱ्या रनलाही दिसली, तर मात्र आधी टेम्प्लेट उघडून पाहावं.