आकड्यांची शीव

आकडेमोड करताना यंत्राला कंटाळा येत नाही हे खरे. पण आकडे ठेवायला त्याच्यापाशी जागा बेताचीच असते, हे आपण विसरतो. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त संख्यांची नावे परार्धापाशी, म्हणजे एकावर सतरा शून्यांपाशी, संपतात. सी भाषेतील 'डबल' जातीच्या संख्येलाही अशीच शीव आहे. बहुतेक यंत्रांत तिच्या वाट्याला 64 बिटांची जागा येते : एक चिन्हाला, 11 घातांकाला आणि 52 अपूर्णांकाला. त्यामुळे सुमारे 1.8 गुणिले 10 चा 308 वा घात ही वरची शीव. आणि शून्याकडे जाताना 2.2 गुणिले 10 चा उणे 308 वा घात ओलांडला की अचूकता ओसरू लागते.

आपण आकडा दशमानात लिहितो. कंपायलर तो द्विमानात आणतो. आधी तो अंदाज बांधतो, मग चूक मोजून अंदाज सुधारतो. शिवेवर नेमके हेच बिनसते. जानेवारी 2011 मध्ये असे आढळले की, 2.2250738585072011 गुणिले 10 चा उणे 308 वा घात हा आकडा दिला की काही यंत्रांवर पीएचपी कायमची अडकते. तिचा आकडे वाचणारा भाग सी भाषेतलाच होता. प्रोसेसर आत 80 बिटांनी हिशेब करी, स्मृतीत मात्र 64 च मावत. म्हणून सुधारणा संपेचना. फेब्रुवारीत शेजारच्याच, 12 ने संपणाऱ्या, आकड्याने जावाचा कंपायलर अडकला.

आपल्या हातखंब्याच्या तिठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला एकाने सांगावे, "गोव्याकडे पाऊलभर सरका," आणि दुसऱ्याने लगेच, "मुंबईकडे पाऊलभर सरका," तर तो दिवसभर हलेल, पण स्थिर होणार नाही. तसेच हे. यात गंमत नव्हती. कोणीही परका माणूस एवढा एक आकडा धाडून दूरचा सर्व्हर अडवू शकत होता.

मग दोष शोधावा कसा? प्रोग्रॅम निम्मा निम्मा कमी करीत जावे. शेवटी दोषी ओळ उरते. तिच्यातला आकडा किंचित बदलून पाहावा. काम सुरळीत झाले, तर दोष शिवेवरचा समजावा. 1999 च्या प्रमाणापासून सीमध्ये असा आकडा सोळामानात लिहिता येतो. मग दशमानाचे रूपांतरच टळते. कंपायलरची नवी आवृत्ती घ्यावी, आणि ती सापडलेली ओळ त्याच्या कर्त्यांना कळवावी.

कारण आपला आकडा चुकलेला असला, तरी कंपायलरने चूक दाखवावी. स्वतः कोलमडू नये. तो कोलमडला, तर तो दोष त्याचाच.