नमुना हरवला, चित्र उरले: विल्यम जोन्स यांची फुलपाखरे

कीटकाच्या जातीचे शास्त्रीय नाव एका विशिष्ट नमुन्याशी बांधलेले असते. त्यास ‘प्रारूप नमुना’ म्हणतात. ओळखीविषयी मतभेद झाल्यास त्याच्याशी तुलना करून निर्णय केला जातो. मात्र अठराव्या शतकात नाव दिलेल्या अनेक फुलपाखरांचे असे नमुने आज उपलब्ध नाहीत. अशा वेळी जुन्या चित्रांचे मोल कळते.

चेल्सी येथील मद्यव्यापारी विल्यम जोन्स (कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचे संस्थापक सर विल्यम जोन्स ते हे नव्हेत) यांनी १७८० च्या दशकापासून ड्रू ड्रुरी, सर जोसेफ बँक्स आदींच्या लंडनमधील संग्रहांतील फुलपाखरे जलरंगांत चितारली. ‘इकोनेस’ या नावाने ओळखले जाणारे हे सहा खंड आता ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या निसर्गेतिहास संग्रहालयात असून त्यांत सुमारे १,५०० चित्रे आहेत. जोन्स यांनी पंखांच्या वरच्या बाजूबरोबर खालची बाजूही दाखवली. वरून सारख्या दिसणाऱ्या जाती पुष्कळदा खालच्या बाजूवरील ठिपके व रेषा यांवरूनच वेगळ्या ओळखता येतात. म्हणून ही दक्षता महत्त्वाची ठरली.

लिनियस यांचे शिष्य योहान ख्रिश्चन फॅब्रिशियस यांनी १७९३ मध्ये २०० हून अधिक जातींची वर्णने या चित्रांच्या आधारे प्रसिद्ध केली. ही लॅटिन वर्णने अवघ्या काही ओळींची आहेत. पुढे १८०५ मध्ये ड्रुरी यांचा संग्रह लिलावात विकला जाऊन विखुरला. प्राणिनामकरणाच्या नियमांनुसार चित्र स्वतः प्रारूप ठरत नाही. चित्रित केलेला नमुना हाच प्रारूप असतो. परंतु तो हरवल्यावर, फॅब्रिशियस यांना नेमकी कोणती जात अभिप्रेत होती, याचा सर्वांत विश्वसनीय साक्षीदार चित्रच उरते.

या साक्षीला मर्यादाही आहेत. चित्रांतील फुलपाखरे प्रौढावस्थेतील आहेत. अळीची खाद्यवनस्पती त्यांवरून कळत नाही. फॅब्रिशियस यांनी अनेक जातींचे स्थान केवळ ‘इंडीज’ असे नोंदवले. त्या काळी या शब्दाने भारत, आग्नेय आशिया किंवा वेस्ट इंडीज यांपैकी काहीही सूचित होऊ शके.

कृषी कीटकशास्त्रासाठी याचा बोध स्पष्ट आहे. किडीची खाद्यवनस्पती, नैसर्गिक शत्रू व नियंत्रणाचे उपाय यांविषयीची सारी माहिती जातीच्या नावाखाली साठवली जाते. ओळख चुकली, तर ती माहिती भलत्याच किडीला लागू केली जाते. म्हणून सर्वेक्षणात किडीचे छायाचित्र काढून थांबू नये. नमुना जतन करावा आणि त्यासोबत ठिकाण, दिनांक व पीक यांची नोंद ठेवावी.